गाडी आतून घरच्या घरी साफ करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी रत्नागिरीत राहतो. इथे चार महिने पाऊस, बाकीचे आठ महिने खारा वारा आणि वर्षभर तांबडी माती. गाडी बाहेरून कोणीही धुतं. आतलं काम निघालं की मात्र शेजारी, भाऊबंद आणि गणपतीला मुंबईहून आलेले चाकरमानी तेच तेच प्रश्न विचारतात. गेल्या काही वर्षांत स्वतःच्या आणि इतरांच्या गाड्यांवर हात चालवून जी उत्तरं पक्की झाली, ती इथे एकत्र लिहिली आहेत.

सुरुवात कुठून करायची?

डिकीपासून सगळं सामान बाहेर काढण्यापासून. पाण्याच्या बाटल्या, टोलच्या पावत्या, छत्री, सीटच्या खिशातले जुने कागद, मॅट, सगळंच. त्यानंतर दोन नियम पाळायचे. काम वरून खाली आणायचं आणि कोरडं काम पूर्ण झाल्याशिवाय ओल्याला हात लावायचा नाही. आधी छत, मग डॅशबोर्ड, दरवाजे, सीट आणि सगळ्यात शेवटी कार्पेट. धूळ असताना ओलं फडकं फिरवलं तर तिचा चिखल होतो. तो सीटच्या शिवणीत आणि बटणांच्या फटीत जाऊन बसला की टूथब्रशनेही धड निघत नाही.

सामान काय काय लागतं?

घरचा व्हॅक्युम क्लीनर आणि त्याचं चपटं निमुळतं तोंड. रंगकामाचा एक इंची मऊ ब्रश, जुना टूथब्रश, स्प्रेची बाटली. चार-पाच मायक्रोफायबर फडकी, काचेसाठी त्यातलं एक वेगळं. दोन जुने पंचे किंवा टॉवेल. साबण म्हणून केसांचा साधा सौम्य शाम्पू, 1 लिटर पाण्यात 1 चमचा. त्याहून जास्त घेतला तर कापडात साबण राहतो आणि चिकट कापड पुढच्या आठवड्यात दुप्पट धूळ धरतं. शिवाय खायचा सोडा, पांढरं व्हिनेगर आणि औषधांच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल. एवढ्यात शंभरातली नव्वद कामं होतात.

रिठ्याचं पाणी चालतं का, असं आमच्याकडची जुनी माणसं विचारतात. गडद कापडावर चालतं. फिक्या सीटवर त्याची पिवळट-तपकिरी झाक राहते, तिथे नको.

किती वेळ लागतो? कोणता दिवस निवडायचा?

छोट्या हॅचबॅकला एका माणसाचे तीन-चार तास. सकाळी लवकर सावलीत काम करायचं आणि दुपारचं ऊन वाळवायला ठेवायचं. तापलेल्या डॅशबोर्डवर काहीही फवारलं तर ते पुसायच्या आत सुकतं आणि डाग पडतो.

वर्षातून एकदाच नीट काम करणार असाल तर दसऱ्याआधीचा आठवडा गाठा. पाऊस ओसरलेला असतो, ऑक्टोबरचं ऊन कडक असतं आणि चार महिन्यांची ओल बाहेर काढायला ते हवंच असतं. तसंही खंडेनवमी-दसऱ्याला गाडीची पूजा होतेच.

सीट पाण्याने धुतल्या तर चालतात का?

नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. गाडीचं आतलं काम म्हणजे धुणं नव्हे. ओल जाईल तेवढीच आत सोडायची आणि सोडली तेवढी बाहेर काढायची.

कापडाच्या खाली दोन-तीन इंच जाड फोम असतो. वरून कापड दोन तासांत सुकलेलं दिसतं, पण आत गेलेलं पाणी आठवडाभर तसंच राहतं. मग जो वास येतो त्यावर कुठलंही अत्तर चालत नाही. म्हणून शाम्पूचं पाणी ब्रशवर घ्यायचं, सीटवर ओतायचं नाही. हातभर जागेचा चौकोन घ्या, फेस करून हलक्या हाताने घासा आणि लगेच कोरडा टॉवेल ठेवून त्यावर दोन्ही तळव्यांनी भार द्या. टॉवेल मळका होऊन वर येईल. तो उलटा करून पुन्हा दाबा. मग साध्या पाण्यात पिळलेलं फडकं, पुन्हा कोरडा टॉवेल, मग पुढचा चौकोन. मध्येच थांबू नका, नाहीतर ओल्या-कोरड्याच्या सीमेवर पाण्याची रेघ उमटते. एक सीट घेतली की पूर्ण करायची.

शेवटी चारही दारं उघडी टाकून टेबल फॅन लावा. सतत दारं उघडी राहिली तर आतला दिवा बॅटरी खातो, तेवढा बंद करा. पाऊस असेल तर उघड्या जागेत गाडी चालू करून पंधरा-वीस मिनिटं एसी लावा. एसी हवेतलं पाणी ओढतो. शटर लावलेल्या गॅरेजमध्ये मात्र इंजिन कधीही चालू ठेवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साईड जीव घेतो.

सीट लेदरच्या असतील तर?

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत ‘लेदर’ म्हणून मिळतं ते लेदरेट असतं, म्हणजे कापडावर चढवलेला प्लॅस्टिकचा थर. त्याला महागडं लेदर कंडिशनर पाजून काही होत नाही, ते आत मुरतच नाही. पिळलेलं शाम्पूचं फडकं आणि मऊ ब्रश पुरे. घाम आणि डोक्याचं तेल मात्र वेळच्या वेळी पुसा. त्यानेच लेदरेट कडक होऊन भेगाळतं.

तांबडी माती आणि किनाऱ्यावरची वाळू कशी काढायची?

मातीचा चिखल झाला असेल तर हात बांधून बसा. पूर्ण वाळू द्या, ब्रशने सैल करा आणि व्हॅक्युमने ओढा. आपल्या मातीचा रंग लोहाचा, म्हणजे गंजाच्या जातीचा. ओली असताना घासली की तो रंग धाग्यात मुरतो आणि फिकं कार्पेट कायमचं गुलाबी दिसायला लागतं.

वाळूचा त्रास वेगळा. ती कार्पेटच्या मुळाशी जाते. व्हॅक्युमचं तोंड एका हातात धरा आणि दुसऱ्या हाताने कार्पेटवर खालून-बाजूने थापट्या मारत राहा, वाळू उडी मारून वर येते. समुद्राचं पाणी सांडलं असेल तर नुसतं सुकवून भागत नाही. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे ती जागा पावसाळ्यात सतत दमट राहते आणि खालचा पत्रा गंजतो. तिथे साध्या पाण्यात पिळलेलं फडकं दोन-तीनदा फिरवून मीठ उचलावं लागतं.

पावसाळ्यात स्टिअरिंग आणि सीटवर पांढरी बुरशी येते. काय करू?

आठ-दहा दिवस बंद राहिलेली गाडी जुलैमध्ये उघडली की हे दृश्य कोकणात घरोघरी दिसतं. स्टिअरिंगवर हात ठेवतो त्याच दोन जागी, गिअरच्या गोळ्यावर आणि सीटबेल्टवर पांढरे-हिरवट ठिपके येतात. जिथे घाम आणि त्वचेचं तेल लागलेलं असतं तिथेच बुरशी धरते, कारण तेच तिचं अन्न.

कोरड्या ब्रशने झटकू नका. बीजाणू गाडीभर उडतात आणि एसीतही जातात. मास्क लावा, गाडी उघड्यावर घ्या, दारं उघडा. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन फडकं ओलसर करा आणि बुरशी उचलून घेतल्यासारखी पुसा. प्रत्येक पुसण्याला फडक्याची नवी बाजू. दहा मिनिटांनी साध्या पाण्याचं फडकं आणि मग कोरडं. घरात कोणाला दमा असेल तर त्याला हे काम सांगू नका आणि गाडी पूर्ण वाळेपर्यंत बसवूही नका.

व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. खरं तर गाडीच्या आत ब्लीच आणूच नका.

पुन्हा येऊ नये म्हणून गाडी दर तीन-चार दिवसांनी वीस मिनिटं एसी लावून फिरवा. ओल्या छत्र्या, रेनकोट आणि भिजलेली चपलांची पिशवी गाडीत ठेवू नका. प्लॅस्टिकचं घट्ट कव्हर भर पावसात गाडीला गुंडाळू नका, आतली ओल आतच कोंडते. छपराखाली जागा असेल तर काचा बोटभर खाली ठेवा. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराईडचे डबे मिळतात, तेही ठेवता येतात. त्यात जमलेलं पाणी सांडणार नाही अशा बेताने ठेवा, कारण ते खारट पाणी कार्पेटवर पडलं तर कधीच धड सुकत नाही.

पूजेचं हळद-कुंकू आणि गुलाल सीटवर सांडला तर?

साबण लावायची घाई करू नका. मागे दसऱ्याला माझ्या गाडीच्या फिक्या राखाडी सीटवर बोटभर हळद सांडली. मी कपड्याच्या साबणाचा ओला ब्रश फिरवला आणि पिवळा डाग डोळ्यांदेखत विटकरी लाल झाला. कुंकू सांडलं की काय असंच वाटलं. हळदीतलं कर्क्युमिन क्षाराशी गाठ पडली की लाल होतं. हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच गुणावर. त्यावर व्हिनेगरचं फडकं दाबलं तेव्हा तो परत पिवळा झाला. मग खरी मदत उन्हाने केली. कर्क्युमिन उन्हात विरतं. गाडीचं तोंड फिरवून त्या सीटवर ऊन येईल अशी चार दिवस उभी केली, डाग दिसेनासा झाला.

गुलाल पडला तर पाण्याचा थेंबही नको. आधी व्हॅक्युमचं तोंड कापडाला न टेकवता वरच्या वर ओढा. मग चिकटपट्टीने राहिलेला उचला. एवढं झाल्यावरच किंचित ओलं फडकं. कोरडा गुलाल निघतो, भिजलेला रंग होऊन बसतो. स्टिअरिंगला बांधलेली झेंडूची माळही दुसऱ्या दिवशी काढा. सुकलेल्या पाकळ्या एसीच्या झडपांत पडतात.

तेल, शाई, च्युइंगगम?

हेडरेस्टवरच्या खोबरेल तेलाच्या डागावर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर रात्रभर दाबून ठेवा, सकाळी व्हॅक्युम करा, मग शाम्पू. शाईवर अल्कोहोल कापसावर घेऊन टिपा, घासू नका, आणि आधी सीटच्या मागच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून बघा. च्युइंगगमवर प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ धरा, कडक झालं की तुकडा उडवता येतो.

वास जात नाही. अत्तराची बाटली टांगली तरी येतोच.

अत्तराने वास जात नाही, त्यात दुसरा मिसळतो. वास कशाचा आहे त्यावर उपाय ठरतो.

मासळीच्या पिशवीतून पाणी गळलं असेल तर तो वास अमाइनचा, म्हणजे क्षारधर्मी. त्यावर आम्ल चालतं. मासे धुताना आपण लिंबू किंवा कोकम लावतो, तेच तत्त्व. निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी टिपून लावा, मग साध्या पाण्याने पुसून सुकवा. आंबलेल्या दुधाचा वास उलट आम्लाचा असतो, तिथे खायचा सोडा.

घाटात लहान मुलांना उलटी होते, तेव्हा आधी पुठ्ठ्याने खरवडून काढा आणि गार पाण्याने टिपा. गरम पाण्याने त्यातली प्रथिनं शिजून धाग्याला चिकटतात. घरी आल्यावर एन्झाइम असलेल्या डिटर्जंटचं कोमट पाणी अर्धा तास त्या जागेवर ओलसर राहू द्या. एन्झाइमला वेळ लागतो. त्यावर लगेच व्हिनेगर मारलं तर एन्झाइम काम करत नाही.

दुधाची गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तिथे माझीच चूक झाली होती. पुढच्या सीटखाली अर्ध्या लिटरची पिशवी फुटली. मी वरून पुसलं, सोडा टाकला, व्हॅक्युम केला, वाटलं झालं. चौथ्या दिवशी गाडीत बसवेना. शेवटी दाराच्या उंबऱ्यावरची प्लॅस्टिकची पट्टी काढून कार्पेटचा कोपरा वर उचलला. खाली राखाडी वाकळीसारखा जाड थर असतो. त्यावर मूठ दाबली तर बोटांच्या मधून पांढरट, तारेचं पाणी वर आलं. सगळं दूध तिथे जाऊन बसलं होतं. तो कोपरा लाकडाच्या तुकड्यावर टेकवून वर धरला, एन्झाइमचं पाणी घालत आणि टॉवेलने पिळत दोन दिवस घालवले, तिसरा दिवस फॅन. तेव्हा वास गेला. द्रव सांडलं की कार्पेटच्या वरचं पुसणं हे निम्मंच काम आहे.

एसी लावल्यावर कुबट वास येतो. तो कसा घालवायचा?

एसीच्या आत थंड होणाऱ्या जाळीवर पाणी जमतं. गाडी बंद केली की ते तसंच राहतं आणि त्यावर बुरशी वाढते. मुक्कामाला पोचायच्या पाच मिनिटं आधी एसीचं बटण बंद करा, पंखा चालूच ठेवा, बाहेरची हवा आत येऊ द्या. जाळी सुकते. एवढी सवय लागली तर निम्म्या तक्रारी येतच नाहीत.

दुसरी गोष्ट केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारा फिल्टर. बहुतेक गाड्यांत तो ग्लव्हबॉक्सच्या मागे असतो, स्क्रूड्रायव्हरशिवाय निघतो. कागदी फिल्टर धुऊन परत लावू नका. नवा घालताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेने आहे ना, हे पाहा. आमच्याकडे पावसाळा संपला की मी तो बदलूनच टाकतो.

कार्पेट दरवेळी ओलं सापडतं, पण काही सांडलेलं नसतं. असं का?

मग साफसफाई थांबवा आणि पाणी कुठून येतं ते शोधा. पुढे डाव्या पायाशी ओल असेल तर बहुतेक वेळा एसीचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबलेली असते. एसी चालू असताना गाडीखाली थेंब पडत नसतील तर हेच. दुसरी जागा पुढच्या काचेखालची जाळी. आंब्या-फणसाखाली गाडी उभी राहते तिथे तिच्यात पाला साचतो. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतून पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या बघा. ओल बोटाला चिकट लागली आणि गोडसर वास आला तर ते पाणी नसून कूलंट आहे, म्हणजे इंजिन गार ठेवणारं आणि हीटरमधूनही फिरणारं द्रव. हीटरची गळती घरी सुटत नाही, गाडी मेकॅनिककडे न्या.

डॅशबोर्डला चमक कशी आणायची?

आणू नका. सिलिकॉनच्या पॉलिशने डॅशबोर्ड आरशासारखा होतो, त्याचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडतं आणि दुपारच्या उन्हात रस्ता नीट दिसत नाही. वर त्याला धूळ चिकटते. कंपनीतून आला तसा मंद, स्वच्छ डॅशबोर्डच चांगला. स्टिअरिंग, पेडल आणि गिअरला तर पॉलिश कधीच नको, हात-पाय सटकतात. सॅनिटायझरनेही प्लॅस्टिक पुसू नका, चट्टे पडतात. बटणांच्या फटीत रंगाचा ब्रश एका हाताने फिरवा आणि दुसऱ्या हाताने व्हॅक्युम धरा. टचस्क्रीन बंद करून किंचित ओलसर मायक्रोफायबरने पुसा, थेट फवारा मारू नका.

आतून काच पुसली तरी धुरकट दिसते.

तो थर प्लॅस्टिक तापून सुटणाऱ्या वाफेचा आणि माणसांच्या श्वासाचा असतो, तेलकट असतो. अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, एका फडक्याने लावा, दुसऱ्या कोरड्याने लगेच पुसा. आतून उभा हात फिरवा, बाहेरून आडवा. मग रेघ राहिली तर ती कोणत्या बाजूला आहे ते लगेच कळतं. मागच्या काचेवरच्या तापणाऱ्या तारांच्या दिशेनेच हात फिरवा.

छताचं कापड मळलंय.

छताचं कापड पातळ फोमवर गोंदाने चिकटवलेलं असतं. गोंद भिजला तर ते पोट काढून खाली लोंबतं आणि परत बसत नाही. फडक्यावर फेस घेऊन फक्त टिपायचं. थोडा डाग राहिला तर राहू द्या, हट्ट करू नका.

सीटबेल्ट धुता येतात का?

पूर्ण बाहेर ओढा, परत जाऊ नये म्हणून चिमटा लावा, सौम्य शाम्पूच्या फडक्याने लांबीच्या दिशेने पुसा आणि पूर्ण सुकल्यावरच आत जाऊ द्या. ब्लीच किंवा कुठलंही जहाल रसायन नको. त्याने पट्ट्याचा धागा कमजोर होतो आणि अपघातात भार त्याच धाग्यावर येतो.

सीट काढून साफ केली तर जास्त चांगलं नाही का?

घरी काढू नका. सीटखाली पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसतात, ते एअरबॅगच्या आणि बेल्टच्या यंत्रणेचे असतात. ते ओढू नका, त्यांवर पाणीही मारू नका. पुढच्या डाव्या सीटमध्ये माणूस बसलाय का हे ओळखणारा सेन्सरही असतो. सीट पुढे-मागे सरकवून रुळाजवळचा कचरा निघतो. कव्हर घालणार असाल तर सीटच्या बाजूला ‘एअरबॅग’ असं लिहिलेलं आहे का ते बघा. तिथे बाजूने शिवलेलं बंद कव्हर घातलं तर गरजेच्या वेळी एअरबॅग नीट उघडत नाही.

उंदीर येतात. डांबर गोळ्या ठेवू का?

बंद गाडीत नको, त्यांची वाफ अंगाला बरी नव्हे, लहान मुलांना तर नाहीच. उंदीर शेव-फरसाणाच्या चुऱ्यासाठी आणि बिस्किटांसाठी येतात. ते खरकटं गेलं की येणं बरंच कमी होतं. गाडी बंद करताना हवेची झडप आतलीच हवा फिरेल, बाहेरची वाट बंद राहील अशी ठेवा.

वॉशिंग सेंटरला देऊन मोकळं व्हावं का?

द्यावं, पण समोर उभं राहून. एका ठिकाणी कामगाराने प्रेशरची नळी थेट दाराच्या आत धरलेली मी पाहिली आहे. गाडी माझ्या मामांची होती. पुढे दोन महिने पॉवर विंडोची बटणं मधूनच बंद पडत होती. आत पाण्याची नळी आणायची नाही, हे आधीच स्पष्ट सांगा.

गाडीत पुराचं पाणी शिरलं तर?

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या छतापर्यंत बुडाल्या होत्या. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच. सीटच्या पातळीपर्यंत पाणी आलं असेल तर चावी फिरवू नका, स्टार्ट करून बघू नका. जमत असेल तर बॅटरीचं टोक सोडवा. पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढा आणि काहीही धुवायच्या आधी विमा कंपनीला कळवा. सर्व्हेअरने पाहण्यापूर्वी गाडी साफ केली तर नुकसान दाखवणं अवघड जातं. ते पाणी सांडपाणी मिसळलेलं असतं, त्यामुळे हातमोजे आणि बूट घालूनच आत हात घाला. पाहणी झाली की सीट, कार्पेट आणि खालचा थर बाहेर काढावा लागतो. ते वर्कशॉपचं काम आहे. घरी करण्यासारखं एवढंच, की दारं उघडी ठेवून वारा खेळू द्या आणि गाडी उचलून नेणारा ट्रक लवकर मिळेल तेवढं बघा.